पट्टा सैल झाला होता

मित्रांनो, जरा जवळ या, कारण मोठ्याने बोलणे आता मला झेपत नाही. मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माझ्यासारखा कोणी पाहिलाच नसेल, तेव्हा आधी ओळख करून देतो. काळी चौकोनी पेटी, डाव्या अंगाला जाळीचा स्पीकर, समोर पाच बटणे आणि मधोमध एक छोटे दार. त्या दारात कॅसेट ठेवायची, दार लावायचे, बटण दाबायचे, की मी वाजू लागतो. पाचांतले एक बटण तुटले आहे. त्याच्यावर पांढरी चिकटपट्टी लावलेली दिसेल. जखमेवर लावतात ना, तीच आहे ती. जन्मभर दवाखान्यात राहिल्यावर दुखण्याखुपण्याला दुसरे काय लावणार?

माझे जवळजवळ सारे आयुष्य एका खोलीत गेले. ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेरची ही खोली. तीन खाटा, त्यांच्यामध्ये हिरवे पडदे, कोपऱ्यात बेसिन, भिंतीवर घड्याळ. खिडकीच्या काचा पांढऱ्या रंगाने रंगवलेल्या, म्हणजे उजेड येतो पण बाहेरचे काही दिसत नाही. ज्याचे ऑपरेशन व्हायचे असते त्याला आधी इथे आणून निजवतात. त्याचा चष्मा, घड्याळ, अंगठी, असली तर कवळीसुद्धा काढून घेतलेली असते. अंगात पाठीमागे नाड्या बांधायचा झगा आणि डोक्यावर कागदी टोपी. बाहेर कोणी मोठा साहेब असो नाहीतर हमाल, इथे सगळे एकसारखे दिसतात, आणि सगळ्यांचे पाय एकसारखेच गार पडतात.

पण हे फार पुढचे झाले. माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात एक मोटर आहे आणि एक चाक आहे. दोघांना जोडणारा रबराचा एक बारीक पट्टा आहे. मोटर फिरली की पट्टा फिरतो, पट्ट्याने चाक फिरते आणि चाकाने कॅसेटमधली फीत पुढे सरकते. एवढेच काय ते माझे शास्त्र. हा पट्टा बसवणारी बाई जाड भिंगांचा चष्मा लावायची आणि प्रत्येक पट्ट्याला बोटाने टिचकी मारून बघायची. माझ्या पट्ट्याला टिचकी मारून ती शेजारणीला म्हणाली, "हा बघ कसा ताठ आहे! म्हातारपणी सगळ्यांचाच सैल होतो म्हणा." मला तेव्हा हसू आले. तरुणपणी असल्या गोष्टींचे कोणाला हसू येत नाही?

दुकानाच्या काचेआड काही दिवस काढल्यावर मी एका घरी आलो. त्या घरातली बाई दवाखान्यात नर्स होती. तिला सगळे नुसते 'सिस्टर' म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. तिच्या नवऱ्याने तिच्यासाठी मला आणले होते. घरी मी खिडकीत बसायचो आणि सिस्टर भाजी निवडताना माझ्याबरोबर गुणगुणायची. आवाज काही फार गोड नव्हता. पण मी कोणाला सांगितले नाही.

एक दिवस ती कामावरून आली ती मला न लावताच भाजी निवडायला बसली. जेवताना नवऱ्याला म्हणाली, "आज एक मास्तर आले होते. चाळीस वर्षं पोरांना दरडावत आलेला माणूस, पण इतका थरथरत होता की सुई टोचता येईना. मी हात धरला, पाणी विचारलं, देवाचं नाव घ्यायला सांगितलं. काही उपयोग नाही. शेवटी मी आपली गुणगुणायला लागले, तर म्हणतात कसे, सिस्टर, गाऊ नका, पण थांबूही नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला पिशवीत घातले आणि त्या खोलीत आणून औषधांच्या कपाटावर ठेवले.

पहिल्या दिवशी मोठ्या सर्जनांनी कपाळाला आठ्या घातल्या. "सिस्टर, हा दवाखाना आहे की लग्नाचं कार्यालय?" सिस्टर म्हणाली, "आठ दिवस बघा, मग बोला." सर्जन आठ दिवसांनी काहीच बोलले नाहीत. नवव्या दिवशी बॅटऱ्या संपल्या म्हणून मी बंद होतो, तर दारातून डोके आत घालून विचारतात, "काय हो, आज आपला गवई रुसलाय वाटतं?"

मग माझे सोन्याचे दिवस आले. माझ्याकडे तीन कॅसेट होत्या. एक जुन्या गाण्यांची, एक समुद्राच्या लाटांची आणि एक बासरीची. गाण्यांची मी गिळली. अहो, खरेच गिळली. फीत माझ्या चाकात अडकली आणि सिस्टरने ती ओढून काढली तेव्हा शेवयांसारखी तिची वेटोळी झाली होती. लाटांची कॅसेट ऐकून पेशंटना लघवीला जावेसे वाटू लागले, म्हणून ती मावशींनीच कपाटाच्या तळाशी टाकली. मावशी म्हणजे खोली पुसणाऱ्या, खाटा ढकलणाऱ्या आणि दिवसातून शंभर वेळा "घाई नको" म्हणणाऱ्या बाई. राहिली बासरी. प्रत्येक पेशंटसाठी सिस्टर ती पहिल्यापासून लावायची. बॅटरी वाचावी म्हणून पेन्सिल घालून कॅसेट हाताने मागे गुंडाळायची, आणि मग पेशंटच्या कपाळावरचे केस टोपीत सारून म्हणायची, "डोळे मिटा. बासरी कुठे जाते तिच्या मागे जा."

आणि माणसे खरोखर जायची. आवळलेल्या मुठी सुटायच्या. श्वास लांब व्हायचा. रक्तदाबाच्या यंत्रावरचा आकडा खाली यायचा आणि भुलीचे डॉक्टर, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी झोपवणारे डॉक्टर, माझ्याकडे बघून मान डोलवायचे. एकदा वर्तमानपत्रात आमचा फोटोही आला. त्यात मी पूर्ण आहे. सिस्टर अर्धीच आहे, कारण तिने मला पुढे धरले होते. ते कात्रण मावशींनी भिंतीला चिकटवले. आज ते पिवळे पडले आहे, पण आहे.

मित्रांनो, असे दिवस गेले की वाटते, हे असेच चालणार. रोज दहा पेशंट, रोज दहा वेळा तीच बासरी, अशी बावीस वर्षे. तुम्हीच हिशेब करा. मला तो करायचाही कंटाळा येतो.

थकवा एकदम येत नाही. तो पाहुण्यासारखा येतो, आज एक पिशवी ठेवतो, उद्या दुसरी, आणि एक दिवस कळते की तो राहायलाच आला आहे. एका हिवाळ्यात सकाळी पहिली कॅसेट लावली तेव्हा मला जाणवले की मोटर फिरते आहे आणि चाक मात्र तिच्यामागे जरा रेंगाळते आहे. पट्टा सैल झाला होता. मी जोर लावला. थोडा वेळ जमले. दुपारपर्यंत पुन्हा तेच. बासरीचा आवाज किंचित खाली येऊ लागला, मध्येच हेलकावू लागला. फार नाही. इतका थोडा की मलाच कळावा.

आता तुम्ही विचाराल, मग खरखर करून, आडून बसून कोणाला सांगितले का नाहीस? खरे सांगतो, मी घाबरलो होतो. त्याच महिन्यात बेसिनजवळचा जुना टेबलफॅन एकदा कुरकुरला आणि संध्याकाळी भंगारात गेला. बावीस वर्षांचा आमचा शेजार. मी ठरवले, आपण कुरकुरायचे नाही. जोर लावायचा आणि वाजत राहायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि कोणाला कळलेही नाही. सिस्टरला तर नाहीच. रोज भेटणाऱ्या माणसाला आपल्या माणसाचे वय दिसत नाही, तसे रोज ऐकणाऱ्या तिच्या कानांना माझी घसरण कळली नाही. शिवाय तीही आता पूर्वीची राहिली नव्हती. दुपारनंतर तिचे पाय सुजायचे. कोणी बघत नसले की ती एका पायावरचा भार दुसऱ्यावर घ्यायची आणि कपाटाला हात टेकायची. तो हात बरोबर माझ्या शेजारी टेकायचा. कोणी सहज 'कशा आहात' विचारले की म्हणायची, "मला काय धाड भरलीये!" आम्ही दोघे एकाच कपाटाला टेकून एकच लबाडी करत होतो.

अशात एक दिवस ते काका आले.

सत्तरीचे असतील. अंगाने काटक, बोटे लांब, बोलणे हळू. धंदा वाद्यांचे सूर जुळवून देण्याचा. त्यांचे छोटे दुकान होते, आणि लोक बिघडलेली वाद्ये घेऊन त्यांच्याकडे यायचे. वाद्ये उचलून उचलून त्यांना हर्निया झाला होता, म्हणजे पोटाच्या भिंतीला भोक पडून आतडे तिथून बाहेर डोकावू लागले होते. ऑपरेशन साधेच, पण करायलाच हवे होते. बरोबर त्यांची लेक होती. तिने एका वहीत वडिलांचा रोजचा रक्तदाब लिहून आणला होता. घरी रोज एकशे तीस.

काकांना मधल्या खाटेवर निजवले. सिस्टरने त्यांचे केस टोपीत सारले, माझे बटण दाबले आणि म्हणाली, "डोळे मिटा, काका. बासरीच्या मागे जा." काकांनी डोळे मिटले आणि लगेच उघडले. भुलीच्या डॉक्टरांनी रक्तदाब मोजला तर एकशे नव्वद! थोड्या वेळाने पुन्हा मोजला तर एकशे पंच्याण्णव.

"घाबरलात का?" डॉक्टरांनी विचारले.

"नाही हो, घाबरलो नाही," काका म्हणाले.

"सगळे असंच म्हणतात," डॉक्टर हसले. पण एवढ्या रक्तदाबाला भूल देता येत नाही. त्यांनी आठ दिवसांची गोळी लिहून दिली आणि काकांना परत पाठवले.

आठ दिवसांनी काका पुन्हा आले. वहीत पुन्हा सगळे एकशे तीसच्या आसपास. या वेळी सिस्टरने मला कपाटावरून काढून थेट त्यांच्या उशाजवळ ठेवले आणि आवाज दोन घरे वाढवला. औषध लागू पडत नसेल तर मात्रा वाढवायची, ही दवाखान्याची जुनी खोड. काकांचा चेहरा आंबट झाला. त्यांची बोटे चादर चुरगाळू लागली. आकडा पुन्हा एकशे नव्वदच्या वर गेला.

मी त्यांच्या कानापासून वीतभर अंतरावर होतो, मित्रांनो. मी वाजू लागलो की त्यांच्या कपाळाची शीर कशी उडते, ते मला दिसत होते. माझ्या मनात पाल चुकचुकली. पण मी तिला हाकलले. आपल्यामुळे कसे होईल, म्हटले. आपण तर बावीस वर्षे लोकांना शांत करतो आहोत, फोटो आहे भिंतीवर.

त्या दिवशी सर्जनांनी काकांच्या लेकीला बाजूला घेतले. पडद्यामागून मी ऐकले. "हे बघ बाळ, भोक मोठं झालंय. एखाद्या दिवशी आतडं त्यात अडकेल. मग रक्तदाब कितीही असो, धावतपळत करावं लागेल, आणि या वयात धावतपळत केलेलं झेपेलच याची मी खात्री देत नाही. पुढच्या खेपेला काही करून त्यांना शांत ठेवा."

लेक बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. वहीचे तेच पान ती पुन्हा पुन्हा उघडत होती. मावशींनी तिला पाणी दिले. "घाई नको, पोरी," त्या म्हणाल्या, पण या वेळी त्यांचाही आवाज तितकासा खात्रीचा नव्हता.

तिसऱ्या खेपेचा दिवस उजाडला. सिस्टर त्या दिवशी घरून हेडफोन घेऊन आली. तिला काळजी होती, तिचा जीव तुटत होता, आणि म्हणून तिने जे केले ते अगदी प्रेमाने केले. "काका, आज बाहेरचा काही आवाज नको. फक्त बासरी," म्हणत तिने हेडफोन त्यांच्या दोन्ही कानांवर घट्ट बसवले, त्याची वायर माझ्यात खुपसली आणि बटण दाबले.

आता पळायलाही वाट नव्हती. ना त्यांना, ना मला. मी सगळा जीव एकवटून वाजवू लागलो. जितका जोर लावला तितका पट्टा घसरला. काकांनी दात आवळले. त्यांच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी आले आणि ते कानाकडे ओघळून हेडफोनखाली गेले. यंत्राने आकडा दाखवला, दोनशे दोन.

भुलीच्या डॉक्टरांनी घड्याळ बघितले. "दहा मिनिटं थांबतो. नाही उतरलं तर आजही परत. माझा नाइलाज आहे." ते आत गेले.

सिस्टर खाटेशेजारी उभी राहिली. तिने एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला. तिने एक हेडफोन काकांच्या कानावरून जरा सरकवला आणि कपाळाचा घाम पुसत, जवळजवळ विनवून म्हणाली, "काका, असं काय करता? एवढं कशाला घाबरायचं? तुमच्या मुलीकडे तरी बघा."

काकांनी तिचा कपाळावरचा हात धरला. मग म्हणाले, "सिस्टर, एक सांगू? रागवायचं नाही हं."

"सांगा ना."

"मी घाबरलो नाहीये. पहिल्या दिवसापासून सांगतोय. पण तुम्ही इतक्या मायेनं लावता, म्हटलं कसं बोलायचं? पाहुण्यानं चहाला नावं ठेवू नयेत." त्यांनी लांब बोट माझ्याकडे केले. "पण हा... हा खाली गेलाय हो. सुरातून घसरलाय. पन्नास वर्षं मी घसरलेले सूर वर आणतोय. असा सूर कानावर पडला की माझे हात आपोआप उठतात त्याला सावरायला. आणि इथे मला हातपाय बांधल्यासारखं झोपवून तोच कानात ओतताय."

सिस्टर थक्क झाली. "अहो, काहीतरीच! रोज ऐकते मी. चांगली तर वाजतेय."

"या, तुम्हीच ऐका." काकांनी हेडफोन काढून तिच्या हातात दिले. "पहिल्यापासून लावा. पहिला सूर आला की मी तो धरून ठेवतो. बासरी फिरून पुन्हा त्याच सुरावर येते ना? तेव्हा बघा."

सिस्टरने पेन्सिलीने कॅसेट मागे गुंडाळली, हेडफोनची एक बाजू आपल्या कानाला लावली, दुसरी काकांच्या कानाशी धरली आणि आपला मोकळा कान त्यांच्या तोंडाजवळ नेला. मी वाजू लागलो. काकांनी हलकेच तोच सूर धरला. आवाज म्हाताऱ्याचा होता, पण सूर कसा भिंतीत ठोकलेल्या खुंटीसारखा पक्का. श्वास घेत आणि पुन्हा तोच धरत ते गुणगुणत राहिले. बासरी वर गेली, वळली, हळूहळू खाली आली आणि परत घरी पोचली. पण घर तिथे नव्हते. काकांचा सूर वर राहिला आणि माझा त्याच्याखाली घसरून, हेलकावत, त्याला खरवडू लागला.

सिस्टरचा हात तोंडावर गेला.

मी काय सांगू तुम्हाला? एवढी वर्षे झाली, पण त्या क्षणाची लाज अजून गेलेली नाही. मला ठाऊक होते. काका यायच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते, आणि मी गप्प बसलो होतो. भंगारात जायला नको म्हणून एका भल्या माणसाला मी दोनदा दारातून परत पाठवले होते, आणि तिसऱ्यांदा पाठवत होतो.

सिस्टरने बटण दाबून मला बंद केले. बावीस वर्षांत पेशंट खाटेवर असताना तिने मला मध्येच बंद केल्याचे मला आठवत नाही. खोली शांत झाली. बेसिनचा नळ ठिबकत होता तो ऐकू येऊ लागला. बाहेर मावशींच्या बादलीची कडी वाजली. घड्याळ चालत होते.

"आता काय लावू, काका?" तिने हळूच विचारले. हा प्रश्न तिने कोणालाच कधी विचारला नव्हता.

"काही नको," काका म्हणाले. "थोडा वेळ शांत बसूया. तुम्हीसुद्धा बसा."

सिस्टरने इकडे तिकडे पाहिले, भिंतीजवळचे स्टूल ओढले आणि बसली. बसताना तिच्या तोंडून "आई गं" निघाले. काकांनी तिच्याकडे न बघताच मान हलवली. त्यांनी डोळे मिटले आणि या वेळी मिटलेलेच ठेवले. बोटांनी चादर सोडली. मी बंद पडून त्यांचा श्वास ऐकत होतो. आत, बाहेर, आत, बाहेर. माझ्यापेक्षा कितीतरी चांगल्या लयीत.

भुलीचे डॉक्टर आले. त्यांनी मोजले. काकांच्या दंडाला बांधलेली यंत्राची पट्टी काढून, नीट बांधून पुन्हा मोजले. "एकशे अठ्ठेचाळीस," ते म्हणाले. "सिस्टर, काय दिलंत?"

"काही नाही," सिस्टर म्हणाली. "जे देत होते ते काढून घेतलं."

खाट थिएटरकडे ढकलायला मावशी आल्या. दारापाशी काकांनी हात वर करून खाट थांबवली. "घाई नको," ते मावशींनाच म्हणाले, आणि सिस्टरकडे वळून माझ्याकडे बोट केले. "त्याला टाकू नका हं. बिघडलेला नाही, नुसता थकलाय. मी बाहेर आलो की बघतो."

दार बंद झाले. दोन तास मी कपाटावर नुसता बसून होतो. पडद्याशेजारी सिस्टर पुढच्या पेशंटची तयारी करत होती, पण तिचे सारखे घड्याळाकडे लक्ष. शेवटी मावशी धावतच आल्या, आयुष्यात पहिल्यांदा घाई करून, आणि म्हणाल्या, "झालं! चांगलं झालं! शुद्धीवर आल्या आल्या विचारतात, तो छताचा पंखा कोणत्या सुरात घरघरतोय." सिस्टरने पदराने डोळे टिपले आणि हसली.

दहा दिवसांनी काका टाके काढायला आले. त्यांनी बरोबर एक कातडी पिशवी आणली होती. पेशंट नसतानाची वेळ बघून त्यांनी मला टेबलावर पालथे निजवले, आणि माझी पाठ उघडली. आता माझी पाळी होती. मला कोणी डोळे मिटायला सांगितले नाही, पण मी मिटले असते. त्यांनी सिस्टरकडून स्पिरिटचा फाया मागून घेतला आणि माझे आतले भाग पुसले. तो गार स्पर्श, इंजेक्शनच्या आधी पेशंटच्या दंडाला होतो तो. इतकी वर्षे नुसता बघत होतो, आज कळले. मग त्यांनी जुना पट्टा दोन बोटांनी उचलून दाखवला. शिळ्या नूडलसारखा लोंबत होता.

"एवढासा पट्टा!" सिस्टर म्हणाली. "आणि मला कळलंच नाही. माझेच कान गेले म्हणायचे."

"कान नाही गेले," काका म्हणाले. "सवय झाली. तो रोज थोडा थोडा खाली गेला, आणि रोज तुमचे कानही त्याच्याबरोबर गेले. घरच्या वाद्याचं असंच होतं. म्हणून तर बाहेरच्याला बोलवावं लागतं."

दुकानातल्या जुन्या डब्यांतून शोधून आणलेला नवा पट्टा त्यांनी चढवला, त्याला टिचकी मारली, आणि मोटरीचा बारीक स्क्रू केसभर फिरवून बासरी लावली. खोलीत जो सूर आला तो मीच विसरलो होतो. सिस्टर उभ्याउभ्या ऐकत राहिली. "अगं बाई," ती पुटपुटली, "ही अशी होती?"

काका पिशवी आवरत होते. आवरता आवरता म्हणाले, "याचं झालं. आता तुमचं सांगा."

"माझं काय?"

"त्या दिवशी स्टुलावर बसताना 'आई गं' म्हणालात ना, तेव्हापासून विचारायचं होतं. पाय कधीपासून सुजतायत?"

"छे हो, मला काय धाड..." सिस्टरने सुरुवात केली. काका नुसते तिच्याकडे बघत राहिले. वाद्याचा सूर ऐकताना बघत असतील तसेच. सिस्टरचे वाक्य अर्ध्यावर राहिले. ती स्टुलावर बसली. "दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "कोणाला सांगायचं? मी नसले तर इथे कोण बघणार?"

दारात मावशी उभ्या होत्या. त्यांनी बादली खाली ठेवली. "मी बघते," त्या म्हणाल्या. "बटणच दाबायचंय ना? आणि तुम्ही आजच्या आज डॉक्टरांना पाय दाखवा. दोन वर्षं रोज तुमच्याबरोबर चहा पिते मी. मलासुद्धा दिसलं नाही, मेली मी आंधळी."

सिस्टरने महिनाभर सुट्टी घेतली. औषध घेतले, पाय उंच करून झोपली. परत आली तेव्हा खोलीत एक स्टूल होते त्याची दोन झाली होती, आणि तिने स्वतः एक नियम केला होता. प्रत्येक पेशंटचे केस टोपीत सारले की ती आधी विचारायची, "काही लावू, की शांत बसूया?" तुम्हाला खोटे वाटेल, पण निम्मे लोक म्हणायचे, शांत बसूया. तेव्हा मी गप्प राहायचो, आणि सिस्टर स्टुलावर बसायची. मला त्याचे कधी वाईट वाटले नाही. उलट, तेवढीच विश्रांती.

आता सिस्टर निवृत्त झाली. छतात नवे स्पीकर बसवले आहेत, ते न थकता वाजतात आणि कोणालाच काही विचारत नाहीत. मी कपाटावर असतो. दर वर्षी काका येतात, आता ऐंशीच्या घरात आहेत, लेकीचा हात धरून जिना चढतात. माझा पट्टा बघतात, फाया फिरवतात आणि एकदा बासरी लावून ऐकतात. तेवढा एक दिवस मी वाजतो. पुरे आहे मला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, असे मी म्हणायला हवे. जपाच. पण मला सांगायचे आहे ते थोडे वेगळे आहे. मी थकलो तेव्हा लपवले, आणि एका माणसाच्या जिवावर बेतता बेतता राहिले. म्हणून थकलात तर सांगा. त्यात लाज नाही. आणि तुमच्या घरातही कोणी असेलच, रोज तोच आवाज, रोज तेच "मला काय झालंय, मी बरी आहे." तो आवाज थोडा थोडा खाली जात असेल आणि तुमचे कान त्याच्याबरोबर जात असतील. आज घरी गेलात की एकदा परक्याच्या कानाने तो ऐका. आणि मग काही लावू नका, काही समजावू नका. शेजारी एक स्टूल ओढा, आणि बसा.